मदत हवी आहे : पोस्टाची मतपत्रिका भरली, पण मन डळमळतंय

मंडळी, मी पेनसिल्व्हेनियात राहते. २०२४ च्या २१ जुलैला बायडेननी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतून माघार घेतली तेव्हा कमला हॅरिसबाईंसाठी हुरूप आला होता. १० सप्टेंबरच्या फिलाडेल्फियातल्या हॅरिस-ट्रम्प डिबेटनंतर तर पक्कं ठरलं. मतपत्रिका आल्या आल्या त्यांच्या नावापुढचा गोल काळा केला. आता वाणसामानाचं बिल बघितलं की ट्रम्प बरे वाटतात, त्यांचं भाषण ऐकलं की पुन्हा नको वाटतात! (नवरा म्हणतो, छापा-काटा कर.)

लिफाफा अजून टाकलेला नाही. मतदानाच्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, मतपत्रिका आणि परतीचा लिफाफा मतदान केंद्रावर जमा केला की तिथेच मत देता येतं, असं वाचलंय. पण आतला गुप्ततेचा लिफाफा (ज्यात मतपत्रिका घालतात तो) मी चिकटवून टाकलाय. तो तसाच दिला तर चालतो का? कुणी केलंय असं?

मत कुणाला द्यावं ते कृपया सांगू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर तेच चालू आहे.