मेटफॉर्मिन सी-१८ वर थांबतच नाही, मग हिलिकवर कशाला धरून थांबतं?

कालिना_एमएस्सी:
नमस्कार. प्रोजेक्टला द्रव क्रोमॅटोग्राफीवर (द्रवासोबत कॉलममधून वाहताना मिश्रणातले घटक वेगळे करणं) मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध आणि त्यातली सायनोग्वानिडीन ही अशुद्धी वेगळी करायची आहे. सी-१८ या तेलकट पृष्ठभागाच्या नेहमीच्या कॉलमवर दोन्ही जवळपास डेड टाइमलाच, म्हणजे न थांबता, बाहेर. सरांनी हिलिकचा (पाण्याची ओढ असलेले रेणू धरून ठेवणारी पद्धत) अमाइड कॉलम दिला (१५० × ४.६ मिमी, फ्लो मिनिटाला १ मिली). आता सायनोग्वानिडीन आधी येतं, मेटफॉर्मिन बऱ्याच उशिरा. छान, पण हे होतं कसं? ही नॉर्मल फेजच ना, ध्रुवीय कॉलमची जुनी पद्धत? शिवाय मेटफॉर्मिनच्या पीकला (आलेखावरच्या उंचवट्याला) दोन डोकी दिसतात आणि रिटेन्शन (कॉलममध्ये थांबण्याचा वेळ) दर इंजेक्शनला सरकतं. नमुना पाण्यात केलाय.

तुर्भेकर_क्यूसी:
नॉर्मल फेज म्हणू नकोस. तिथे हेक्सेन असतं आणि पाण्याचा थेंब आला तरी बोंब. इथे पाण्यावाचून काहीच चालत नाही. मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) ८०-९० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल घातलंस तरी उरलेलं पाणी सगळीकडे सारखं राहत नाही. कॉलममधला अमाइडचा पृष्ठभाग ध्रुवीय, तो पाणी ओढून घेतो आणि अंगावर थर धरतो. रेणूची ये-जा चालते ती या थरात आणि बाहेरच्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये. पाण्याची ओढ जितकी जास्त, तितका बाहेर पडायला उशीर. १९९० साली अँड्र्यू आल्पर्ट यांनी हिलिक हे नाव रूढ केलं तेव्हा भर या विभागणीवरच होता. अर्थात हायड्रोजन बंध आणि विद्युतभारही आपापला हात मारतात. मेटफॉर्मिनवर धन भार असतो, सायनोग्वानिडीन उदासीन, म्हणून तुझा क्रम तसा.

आता दोन डोकी. मेटफॉर्मिन पाण्यात पटकन विरघळतं म्हणून सगळे पाण्यातच करतात. पण हिलिकमध्ये पाणी हेच सगळ्यात जोरकस सॉल्व्हंट. पाण्याचा गोळा कॉलमच्या तोंडाशी गेला की काही रेणू त्याच्यासोबत पुढे वाहून जातात, काही मागे राहतात. थोड्या पाण्यात विरघळव आणि बाकी अ‍ॅसिटोनायट्राइलने भर, म्हणजे नमुना मोबाइल फेजच्या जवळ येईल. मग व्हायल उजेडात धरून बघ. धुरकट दिसली तर साका बसतोय, पाणी किंचित वाढव. इंजेक्शन व्हॉल्यूमही कमी ठेव.

रिटेन्शन सरकतं कारण पाण्याचा थर अजून बसलेला नाही. तुझ्या कॉलमचा रिकामा व्हॉल्यूम साधारण दीड मिली. इंजेक्शनआधी त्याच्या वीस पट मोबाइल फेज वाहू दे, म्हणजे ३० मिली, १ मिलीने अर्धा तास. कॉलम नवा असेल तर त्याहून बराच जास्त. सी-१८ च्या सवयीने दहा मिनिटांत इंजेक्शन मारलंस तर मशीनला शिव्या घालशील, आणि मशीन बिचारं निर्दोष. बाटलीचं झाकण घट्ट ठेव; अ‍ॅसिटोनायट्राइल ओलावा ओढतं, त्यात मुंबईचा जुलै.

बफर (पीएच स्थिर ठेवणारं मीठ) कुठला घातलायस? फॉस्फेट असेल तर आजच काढ, एवढ्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये त्याचं मीठ बाहेर पडतं आणि पंपाची वाट लागते. अमोनियम फॉर्मेट १० मिलिमोलर घे.

मास_स्पेकवाली:
एक जोडते. डेड टाइम काढायला सी-१८ च्या सवयीने युरॅसिल वापरू नका, हिलिकमध्ये तो थोडा थांबतो. टोल्युइन घ्या. आणि सी-१८ वरच अडून राहण्यासाठी कोणी हेप्टेनसल्फोनेट (धन भाराच्या रेणूशी जोडी करून त्याला थांबवणारं मीठ) सुचवलं तर यूव्ही डिटेक्टरवर ठीक आहे, पण माझ्या मास-स्पेकजवळ (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राजवळ) ती बाटली आणू देणार नाही. त्याचा सोर्स (द्रवाचा स्प्रे करून आयन बनवणारा भाग) धुऊन धुऊन हात दुखतात. हिलिकचा जास्त ऑरगॅनिक फेज स्प्रेला उलट मानवतो.

कालिना_एमएस्सी:
खूप आभार. बफर फॉस्फेटचाच होता, बदलते. शेवटचं: आमच्याकडे अ‍ॅसिटोनायट्राइल मोजून मिळतं. मिथेनॉल चालेल का?

तुर्भेकर_क्यूसी:
नाही. मिथेनॉल स्वतःच हायड्रोजन बंध करतं, पाण्याची जागा बळकावतं, आणि मेटफॉर्मिन पुन्हा पुढे पळेल. काटकसरीचं मी समजू शकतो. २००८-०९ मध्ये अ‍ॅसिटोनायट्राइलचा जगभर तुटवडा पडला होता. ते अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यात जोडउत्पादन म्हणून निघतं, तिथलं उत्पादन घटलं की आपली बाटली महागते. वाचवायचंच तर २.१ मिमीचा कॉलम माग. फ्लो ०.२ मिलीवर येतो, म्हणजे खर्च पाचावा हिस्सा. फक्त मशीन जुनं असेल तर ट्यूबिंग बारीक आणि आखूड करून घे, नाहीतर पीक कॉलममध्ये नीट बसेल आणि नळीत पसरेल.