मधमाशी मुलांना साहसकथेतून भेटावी की नाही?

रानवाट:
माझं मत ठाम आहे: मुलांना मधमाशी आधी साहसकथेत भेटावी, आकृती आणि अवयवांची नावं नंतर. पहिल्यांदाच पोळ्याबाहेर पडलेली कामकरी माशी, भरून आलेलं आभाळ, परतीची वाट. सूर्य ढगाआड गेला तरी निळ्या आभाळाचा एक तुकडा तिला दिशा दाखवायला पुरतो, कारण तिथल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरी कोणत्या दिशेत कंप पावतात ते, तिला दिसतं. ही माहिती मूल विसरत नाही. ती घरी पोचेल ना, याची काळजी त्याला लागलेली असते.

चौथीच्या बाई:
मला हे पटत नाही. अशा गोष्टी वाचून आलेली मुलं मी वर्गात बघते. त्यांच्या डोक्यात राणी हुकूम सोडते, शूर नर तलवारीसारखी नांगी परजतो आणि गांधीलमाशी दुष्ट असते. खरं तर नराला नांगीच नसते. राणीचं काम अंडी घालण्याचं, राज्य करण्याचं नव्हे. गांधीलमाशी आपल्या पिल्लांसाठी पिकांवरच्या अळ्याही मारून नेते. एकदा मनात बसलेला खलनायक नंतर निघत नाही.

रानवाट:
बाई, हा दोष आळशी लेखकाचा आहे, साहसकथेचा नाही. खरं तेच जास्त थरारक आहे. फुलं कुठे आहेत ते बाकीच्यांना सांगायला अंधाऱ्या पोळ्यात, उभ्या मेणावर माशी नाचते. नाचाची सरळ रेघ वर गेली तर फुलं सूर्याच्या दिशेला. रेघ जितकी कलती, तितकाच कोन सूर्यापासून. जितका वेळ अंग हलवत ती रेघ चालते, तितकं अंतर लांब. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली, त्यांना 1973 साली नोबेल मिळालं. गुप्त नकाशा म्हणून आणखी काय कल्पून काढायचं?

अंगणातला:
दोघांनाही एक विचारतो, मूल बाहेर कधी जाणार? एका फुलझाडासमोर पंधरा मिनिटं बसवा. माशीच्या मागच्या पायावरचे परागाचे गोळे त्याला स्वतः सापडू द्या. शिवाय मधमाशी आणि तिच्या नात्यातल्या माश्यांच्या मिळून सुमारे 20,000 जाती आहेत आणि बहुतेक एकट्या राहतात. गोष्टी मात्र सगळ्या एकाच पोळ्याच्या.

चौथीच्या बाई:
नाचाचं मान्य. पण रानवाट, पुढे काय? ऐन हंगामातली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. तुमची नायिका शेवटी मरते, हे लिहाल?

रानवाट:
लिहीन. तेच तर लपवू नये. ती आधी घरं साफ करते, मग अळ्यांना भरवते, मेण घडवते, दारावर पहारा देते आणि शेवटी बाहेर पडते. म्हणजे सगळ्यात धोक्याचं काम आयुष्याच्या अखेरीला. पंख फाटेपर्यंत ती मकरंद आणते. मुलं रडतील, रडू द्यावं. आपण त्यांना फार जपतो, असं मला वाटतं.

चौथीच्या बाई:
रडण्याला माझी हरकत नाही. माझी भीती वेगळी आहे. पोळ्याजवळ जाणारं धाडसी मूल अशा गोष्टींत नेहमी सुखरूप सुटतं. प्रत्यक्षात एक डंख बसला की त्यासोबत धोक्याचा वास सुटतो आणि बाकीच्या माश्या तिथेच धावून येतात. हात झटकत उभं न राहता तिथून झटपट लांब जाणारं, मोठ्यांना हाक मारणारं मूल तुमच्या कथेत असेल, तर ती मी वर्गात स्वतः वाचून दाखवीन.