द्राक्ष चर्चासत्राच्या लांब व्हिडिओचे तुकडे कसे करावेत?

प्रश्न (तासगाव)
फळछाटणीपूर्वी आमच्या गटाने घेतलेल्या चर्चासत्राचे सुमारे अडीच तासांचे चित्रीकरण माझ्याकडे आहे. एवढे कोणी सलग पाहत नाही, म्हणून तीन-तीन मिनिटांचे तुकडे करून ते व्हॉट्सॲपवर आणि यूट्यूब शॉर्ट्सवर टाकण्याचा विचार आहे. एका मोफत साधनाने तुकडे क्षणात झाले. मात्र काहींच्या सुरुवातीला आवाज येतो आणि चित्र गोठलेले राहते, तर काही तुकडे मी दिलेल्या वेळेच्या आधीच सुरू होतात. असे का होते?

उत्तर (मिरज)
व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र असते, ज्याला की-फ्रेम म्हणतात, आणि मधल्या चित्रांत केवळ आधीच्या-नंतरच्या चित्रांशी असलेला फरक नोंदलेला असतो. आपले साधन मूळ माहिती जशीच्या तशी उचलत असल्यामुळे वेग मिळतो आणि दर्जाही टिकतो, परंतु स्वच्छ काप फक्त की-फ्रेमवरच बसतो. लॉसलेसकट या मोफत साधनात आधीच्या किंवा पुढच्या की-फ्रेमवर जाता येते. वक्ता श्वास घेतो तिथली निवडावी. अगदी नेमक्या क्षणी कापायचे असल्यास पुन्हा एन्कोडिंग करावे लागते, म्हणजे व्हिडिओ नव्याने तयार करून साठवावा लागतो, त्याला वेळ लागतो आणि दर्जा थोडा उतरतो. शॉर्ट्ससाठी मात्र चित्र उभे किंवा चौरस हवे. आडवा तुकडा तीन मिनिटांचा असला तरी साधा व्हिडिओ म्हणूनच जातो.

उत्तर (पलूस)
तांत्रिक बाजू ठीक आहे, पण तीन मिनिटांचा हिशेब मला मुळातच पटत नाही. जीएची (जिबरेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाची) मात्रा घड लांबवताना वेगळी असते आणि मणी फुगवताना वेगळी. घड्याळ लावून कापलेल्या तुकड्यात मात्रा राहिली आणि अवस्था मागच्या तुकड्यात गेली, तर ऐकणारा ती भलत्याच दिवशी फवारेल. निर्यातीच्या बागेत औषधाच्या फवारणीपासून काढणीपर्यंत किती दिवस सोडायचे, हे वाक्य गळाले तर औषधाच्या उर्वरित अंशाच्या तपासणीत माल अडकू शकतो. शेतकऱ्याचा प्रश्न सुरू होतो तिथून उत्तर संपेपर्यंत एक तुकडा धरावा, मग तो दीड मिनिटाचा होवो वा नऊ मिनिटांचा.

उत्तर (विटा)
यूट्यूबपुरते कापण्याची गरजच नाही. वर्णनात 0:00 पासून किमान तीन वेळांच्या नोंदी चढत्या क्रमाने लिहून प्रत्येकीपुढे विषय दिला, की प्रकरणे (थेट त्या भागावर नेणारे विभाग) आपोआप दिसतात. प्रत्येक प्रकरण किमान 10 सेकंदांचे असावे.

प्रश्नकर्ता (तासगाव)
पलूसच्या दादांचे म्हणणे मान्य आहे. प्रकरणेही टाकतो, पण बागेत रेंज नसते, त्यामुळे तुकडे मोबाइलमध्ये असलेले बरे. सोबत लिहिलेला मजकूर पुढे पाठवताना गळू शकतो, त्याचे काय करावे?

उत्तर (मिरज)
छाटणीपासूनचा दिवस आणि पिकाची अवस्था सांगणारी पाटी चित्रावरच छापावी. त्यासाठी पुन्हा एन्कोडिंग अटळ आहे. मग की-फ्रेमची अटही उरत नाही. त्याच वेळी फाइलचा आकारही ठरवून घ्यावा. तीन मिनिटांचा तुकडा 16 एमबीत (म्हणजे 128 मेगाबिटमध्ये) बसवायचा तर 128 मेगाबिट भागिले 180 सेकंद, म्हणजे आवाजासह सुमारे 700 किलोबिट प्रतिसेकंद मिळतात. बोलणाऱ्या माणसाला 480 रेषांच्या चित्रात ते पुरतात. पानांवरचे डाऊनीचे (केवडा रोगाचे) डाग दाखवणारा भाग मात्र मूळ दर्जातच ठेवून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे व्हॉट्सॲप तो पुन्हा दाबत नाही.