सावळ्या नायिकेसाठी गोरी अभिनेत्री का?

ओसरी:
स्टार प्रवाहवर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘रंग माझा वेगळा’ या मालिकेतील दीपा सावळी असल्यामुळे सासूच्या मनातून उतरलेली असते. ही भूमिका करणाऱ्या रेश्मा शिंदे मुळात गोऱ्या असल्याने त्यांचा चेहरा रंगभूषेने काळवंडवण्यात आला. त्यांच्या अभिनयाविषयी माझी तक्रार नाही. मात्र रंगावरून माणसाची किंमत करू नये, असे सांगणाऱ्या कथेलाच सावळी अभिनेत्री का चालू नये, हे मला उमगलेले नाही. जाणकारांनी मत द्यावे.

तिसरी घंटा:
निर्मात्यांना ओळखीचा चेहरा हवा असतो, हे एक कारण झालेच. परंतु ओळखीच्या चेहऱ्यांत सावळ्या मुली इतक्या कमी का, याचे उत्तर त्याआधीच्या निवडींत आहे. नायिकेची मैत्रीण, वहिनी, बँकेच्या जाहिरातीतली गृहिणी अशा किरकोळ कामांसाठीही ‘उजळ’ मुलगीच मागितली जाते आणि मग मुख्य भूमिकेच्या वेळी ‘अनुभवी सावळी अभिनेत्री मिळत नाही’ असे सांगितले जाते. शिवाय रंगवलेली त्वचा लपत नाही: कानाची पाळी, मानेचा मागचा भाग आणि बोटांची पेरे यांचा रंग चेहऱ्याशी क्वचितच जुळतो, आणि घाम आला की कपाळाच्या कडेला वेगळीच छटा दिसू लागते. तंत्रही निःपक्षपाती नव्हते. कोडॅकच्या फिल्मवरील रंग तपासण्यासाठी छपाईच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे ‘शर्ली कार्ड’ वापरले जाई आणि त्यावर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. तिची कांती नीट उमटली की छपाई योग्य मानली जाई. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांना ती सबब उरलेली नाही.

माजघर:
कलर्सवर २००९ मध्ये आलेल्या ‘लागी तुझसे लगन’मधली नकुशा आठवते का? तिच्यावर पुरुषांची नजर पडू नये म्हणून घरचेच तिला काळे फासून ठेवतात. तिथे निदान रंग हा कथेचा भाग होता, पण काळी म्हणजे कुरूप, हे गृहीतक तेच. जाहिरातींचेही तसेच आहे. सावळ्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक किंवा लग्न-नोकरीत मागे पडलेली दाखवू नये, असे जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये बजावले. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ मात्र २०२० मध्ये गेले, आणि मलम आजही दुकानात आहे.

पाणवठा:
मला एवढी टीका मान्य नाही. ज्या घरांत सुनेच्या रंगावरून सर्रास टोमणे मारले जातात, तिथे ही मालिका सुरू असताना रोज संध्याकाळी सासू-सून एकत्र बसून दीपाची बाजू घेत असतील, तर त्याला काहीच मोल नाही का?

तिसरी घंटा:
मोल आहे, ते मी नाकारत नाही. परंतु त्याच घरातली सावळी मुलगी उद्या अभिनेत्री व्हायचे म्हणाली, तर सावळ्या नायिकेची भूमिकाही तिच्या वाट्याला येणार नाही, हेही तिला त्याच मालिकेतून कळलेले असते. ‘सैराट’मध्ये २०१६ साली अकलूजची रिंकू राजगुरू कोणत्याही पूर्वप्रसिद्धीविना मुख्य भूमिकेत आली आणि चित्रपटगृहे भरली, त्यामुळे प्रेक्षक नव्या चेहऱ्याला स्वीकारत नाहीत, हे निर्मात्यांचे म्हणणे मला तरी पटत नाही.