'मिलिटंट'ला सरसकट 'अतिरेकी' म्हणायचं का?

तीन दिवस एका शब्दावर अडलेय. नायजेरियातल्या नायजर डेल्टावरचा (नायजर नदीच्या मुखाजवळचा खाड्यांचा, तेलाचा प्रदेश) एक लेख मराठीत करतेय, त्यात पानोपानी 'मिलिटंट' येतं. मी आपलं 'अतिरेकी' लिहून पुढे गेले आणि शेजारच्या काकांना वाचायला दिलं, तर ते म्हणाले, "मग बॉम्ब कुठल्या स्टेशनात ठेवला?" त्यांचं काही चुकलं नाही, आपण मुंबईवाले, अतिरेकी म्हटलं की डोळ्यापुढे सीएसटीच येणार.

पण तिथली गोष्ट वेगळी आहे हो. 1956 साली तिथल्या ओलोइबिरी गावी तेल लागलं, मग खाड्याखाड्यांतून पाईप गेले, रात्रंदिवस गॅस जाळायला लागले, मासळी गेली, शेती गेली. 1990 मध्ये तिथल्या ओगोनी जमातीच्या लोकांनी हक्कांची सनद काढली, मोर्चे काढले, हातात हत्यार नव्हतं. त्यांचे पुढारी केन सारो-विवा आणि आणखी आठ जणांना 10 नोव्हेंबर 1995 ला लष्करी राजवटीने फाशी दिली. यांना 'आंदोलक'च म्हणायला हवं, यात मला शंका नाही. बंदुका घेऊन 'मेंड' नावाची संघटना पुढे आली ती त्यानंतर दहाएक वर्षांनी. त्यांनी पाईपलाइनी उडवल्या, परदेशी कामगार पळवून नेले, 2009 मध्ये सरकारने माफी जाहीर केल्यावर हजारोंनी हत्यारं टाकली. यांना मी 'सशस्त्र बंडखोर' करतेय.

या बंदूकवाल्यांसाठी काहींनी 'क्रांतिकारक' आणि 'भूमिपुत्र' हे शब्द सुचवले. 'क्रांतिकारक' नको वाटतं. खंडणीसाठी माणसं पळवणारेही त्यातच होते, त्यांना तो शब्द दिला तर आपण पदरचं काहीतरी घालतोय. 'भूमिपुत्र' मात्र आवडला, पण तो गावकऱ्यांसाठी, बंदूकवाल्यांसाठी नाही.

दुसरी अडचण 'ऑइल स्पिल'ची. पेपरात 'तेलगळती' येतं. गळती म्हणजे आपल्याकडे नळाची, जुलैमधली स्लॅबची, प्लंबर बोलावला की संपली. 2011 च्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण अहवालात ओगोनीतल्या एका गावच्या विहिरींत बेंझीन हे विषारी रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या 900 पटींहून जास्त सापडलं, आणि सगळं साफ व्हायला 25 ते 30 वर्षं लागतील असं लिहिलंय. याला गळती कसं म्हणू? 'तवंग'ही अपुरा पडतो. 2010 च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं होतं तेव्हा ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातली माझी मावशी तिवरांच्या मुळाशी बोट दाखवून म्हणाली होती, "तवंग वाऱ्यानं जातो गो, यो चिखलान बसलाय." बोट घातलं तर काळं, चिकट, साबणाने निघेना, रॉकेलने पुसलं. नायजर डेल्टातल्या खाड्याही अशाच, चिखल आणि खारफुटी, म्हणून मला तिचंच वाक्य आठवत राहतं. सध्या 'तेल सांडणं, तेल मुरणं' असं फोडून लिहितेय, लांबतं पण खरं वाटतं.

आता तिसरा, यात मदत हवीय. तिकडे पाईप फोडून कच्चं तेल चोरतात, होड्यांनी नेतात, जंगलात ड्रम तापवून डिझेल काढतात, त्या चोरीला 'बंकरिंग' म्हणतात. आपल्या डॉकमध्ये मात्र बंकरिंग म्हणजे जहाजात इंधन भरणं, रीतसर बिल करून. तसंच ठेवलं तर बंदरावरचा माणूस चक्रावेल, आणि बाकीच्यांना लष्कराचं बंकर वाटेल! नुसतं 'तेलचोरी' केलं तर त्यातला होड्यांचा, दलालांचा सगळा धंदा निघून जातो. डॉकात काम केलेलं कोणी असेल तर सांगा ना, जहाजावरून चोरून तेल उतरवण्याला तिथे काय म्हणतात?