श्रेणी एकच, मग ताशी दर दोन का? अमेरिकी संघ सरकारातील कारागिरांच्या वेतनाविषयी

प्रश्न (वेतनजिज्ञासू):
लोकप्रशासनाच्या अभ्यासासाठी मी सध्या अमेरिकेच्या संघ सरकारातील मजूर, कारागीर आणि यंत्रदुरुस्ती करणारे कर्मचारी यांच्या वेतनपद्धतीचे वाचन करत आहे. कार्यालयीन पदांसाठी 'जनरल शेड्यूल' आणि हातकामाच्या पदांसाठी 'फेडरल वेज सिस्टिम' अशा दोन स्वतंत्र रचना आहेत, एवढे समजले; परंतु पदभरतीच्या दोन जाहिराती शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा दोन्हीकडे पाइपफिटरची श्रेणी डब्ल्यूजी-10 ('वेज ग्रेड', म्हणजे हातकामाच्या पदांची 10वी श्रेणी) असूनही ताशी दरात बरेच अंतर दिसले. शिवाय त्यांपैकी एका ठिकाणी प्लंबरला मात्र 9वी श्रेणी दिलेली होती. नळजोडणीच्याच दोन कामांत हा भेद कोणत्या आधारावर केला जातो आणि 10व्या श्रेणीचा 'खरा' दर कोणता मानावा?

उत्तर 1 (जुना_हिशेबनीस):
'खरा दर' शोधू नका, कारण असा एकच दर अस्तित्वातच नाही. श्रेणी कामावरून ठरते आणि दर ठिकाणावरून ठरतो. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की सगळा गोंधळ सुरू होतो.

श्रेणी ठरवताना कौशल्य व ज्ञान, जबाबदारी, शारीरिक श्रम आणि कामाची परिस्थिती असे चार घटक पाहिले जातात. डब्ल्यूजी गटात अशा एकूण 15 श्रेणी आहेत. पाणीपुरवठा व सांडपाण्याच्या वाहिन्या सांभाळणाऱ्या पूर्ण प्रशिक्षित प्लंबरला साधारणपणे 9वी श्रेणी मिळते, तर वाफ, रसायने किंवा उच्च दाबाचे द्रव वाहून नेणाऱ्या वाहिन्या आखून बसवणाऱ्या पाइपफिटरला 10वी. दोघांच्या हातात पाना एकच असला, तरी नकाशा वाचून दाब, तापमान आणि वाहिनीचे प्रसरण यांचा मेळ घालण्याची जबाबदारी पाइपफिटरवर अधिक असते.

दराचा विषय वेगळा आहे. 1972 च्या कायद्याने कायम केलेले तत्त्व असे, की त्या परिसरातील खाजगी उद्योग तशाच कामाला जे देतात त्याच्याशी सरकारी दर जुळावा. त्यासाठी देशाचे शंभराहून अधिक वेतनक्षेत्रांत विभाजन केलेले असून प्रत्येक क्षेत्रात दर दोन वर्षांनी पूर्ण पाहणी आणि मधल्या वर्षी हंगामी पाहणी होते. कामगार संघटनेचे प्रतिनिधीही या पाहणीत सहभागी असतात. माझ्या मते या पद्धतीची सर्वांत शहाणपणाची बाजू हीच.

प्रत्येक श्रेणीत पाच पायऱ्या असतात. पाहणीतून निघालेला प्रचलित दर दुसऱ्या पायरीला लावतात, पहिली पायरी त्याच्या 96 टक्के असते आणि पाचवी 112 टक्के. तेव्हा जाहिरातींची तुलना करताना दोन्हीकडची पायरी एकच आहे ना, हे आधी तपासा.

उत्तर 2 (पानावाला):
वरील उत्तर बरोबर आहे. पण 'श्रेणी कामावरून ठरते' हे वाक्य कागदावर जितके सरळ दिसते तितके प्रत्यक्षात नसते. मी तिकडे एका सरकारी आवारात काही वर्षे काम केले. माझी नेमणूक 3ऱ्या श्रेणीचा मजूर म्हणून होती, आणि रोज सकाळी हातात यायची ती मात्र नळदुरुस्तीची पेटी. पदाच्या वर्णनात 'साहित्य उचलणे व सफाई' एवढेच लिहिलेले असल्यामुळे श्रेणी वाढवण्याचा माझा अर्ज दोनदा परत आला.

नियम असा आहे, की एका पदात निरनिराळी कामे असतील, तर त्यांतले सर्वांत वरच्या श्रेणीचे काम श्रेणी ठरवते. मात्र ते काम नियमित व वारंवार केले जाणारे असले पाहिजे आणि त्याची पूर्ण पात्रता अंगी असली पाहिजे. निम्म्याहून अधिक वेळ त्यात गेलाच पाहिजे असे नाही. मला वाटले, आता 9वी श्रेणी हातात आली!

तपासणीला आलेल्या बाईंनी मला एकच प्रश्न विचारला: “भिंतीवर ओल दिसली, तर गळती नेमकी कुठे आहे हे कोण ठरवते?” ते ठरवत असे आमचा गटप्रमुख, मी त्याने खूण केलेल्या जागी वायसर बदलत असे, सांधा उघडत असे. त्यामुळे मला मदतनिसाची 5वी श्रेणी मिळाली. तेव्हा फार राग आला होता, पण निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही.

श्रेणीवर हरकत घ्यायची असेल, तर आधी स्वतःच्या खात्याकडेच अपील करावे लागते आणि खात्याचा निर्णय हाती आल्यापासून 15 दिवसांत केंद्रीय कार्मिक कार्यालयाकडे जाता येते. ही मुदत अनेकांच्या हातून निसटते.

वेतनजिज्ञासू:
दोघांचेही आभार. 'ओल दिसली तर' या उदाहरणाने श्रेणीची अडचण पुरती सुटली. एक शंका उरते: दर प्रचलित बाजाराशी जुळवायचा असेल, तर हे कारागीर मागे पडल्याची तक्रार वारंवार का वाचायला मिळते?

उत्तर 3 (जुना_हिशेबनीस):
कारण 1979 या आर्थिक वर्षापासून संसद दरवर्षीच्या खर्चाच्या कायद्यात या वाढीवर कमाल मर्यादा घालत आली आहे, आणि ती सर्वसाधारणपणे कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या सरासरी वाढीशी बांधलेली असते. पाहणीत बाजाराचा दर कितीही वर गेलेला दिसला, तरी प्रत्यक्ष वाढ त्या मर्यादेपाशी थांबते, आणि ज्या क्षेत्रांत उद्योगांचे दर झपाट्याने चढले तिथे ही तूट साचत जाते.

दुसऱ्या व तिसऱ्या पाळीसाठीचे अनुक्रमे 7.5 आणि 10 टक्के जादा वेतन मूळ दरावरच मोजले जाते, त्यामुळे मूळ दर अडला की तेही अडते. तुमच्या दोन जाहिरातींतील अंतर केवळ दोन बाजारांमधले आहे असे लगेच धरू नका. दोन्ही क्षेत्रांचे पाहणीतले दर मिळवा आणि प्रत्यक्ष दर त्यांच्या किती खाली आहेत, ते आधी मांडून पाहा.