मुस्तफा खिशात येणार होता, त्या दिवसांचे अनुभव

रामबागकर
दिवाळीच्या साफसफाईत इंदूरमधल्या रामबागेतल्या घरी आईचा शिवणाचा डबा उपसला, तेव्हा हुकांच्या आणि प्रेस-बटणांच्या खालून टपाल तिकिटाएवढी एक काळी मेमरी स्टिक निघाली. 1 जीबीची आहे. आईने ती ‘तुझ्या कुठल्या तरी मशीनचा तुकडा’ म्हणून इतकी वर्षे जपून ठेवली होती. ती माझ्याकडे कशी आली हे मला काही केल्या आठवेना, पण हातात घेतल्याबरोबर 2005 आणि 2006 ही दोन वर्षे जशीच्या तशी समोर आली. त्या काळात आम्ही पाच-सहा जण रोज संध्याकाळी एकाच बातमीची वाट पाहत असू, ती म्हणजे मुस्तफा खिशात कधी येणार.

मुस्तफा म्हणजे काय हे इथे सांगायला नको. कॅपकॉम कंपनीच्या 1993 सालच्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ या पार्लरमधल्या व्हिडिओ गेमला आपण त्यातल्या एका खेळाडूच्या नावाने हाक मारत आलो, आणि खरे नाव मला तर त्यावर बरीच नाणी उडवल्यानंतर कळले. सोनीचे पीएसपी, म्हणजे हातात धरून खेळायचे गेमचे यंत्र, डिसेंबर 2004 मध्ये जपानात आणि मार्च 2005 मध्ये अमेरिकेत विक्रीला आले. हौशी लोक त्यावर स्वतः लिहिलेले प्रोग्राम, म्हणजे होमब्रू, चालवू लागले आहेत असे लवकरच कानावर आले, आणि मग अफवांना जो ऊत आला तो विचारू नका. दुपारी जेल रोडवरच्या दुकानात ऐकलेली गोष्ट रात्री सराफ्यात पोहोचेपर्यंत दुप्पट झालेली असे. कोणाच्या तरी मावसभावाने मुंबईत मुस्तफा पीएसपीवर चालताना प्रत्यक्ष पाहिलेला असे; तो मावसभाऊ मात्र कधीच इंदूरला येत नसे.

आमच्या एका सियागंजवाल्या मित्राने तेव्हा ठामपणे सांगितले होते की, ‘मोठे मेमरी कार्ड घातले की पीएसपीवर किंग ऑफ फायटर्ससारखा मोठा खेळसुद्धा चालेल.’ मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. साठवायची मेमरी वेगळी आणि चालवायची मेमरी वेगळी, हे मी त्याला भुट्ट्याचा कीस गार होईपर्यंत चारचौघांत समजावले आणि त्याचे नाव ‘कार्डशास्त्री’ ठेवले. पुढे तोच खरा ठरला, आणि त्याची बोच मला अजून आहे. तुमच्यापैकी कोणी ही वाट पाहिली असेल तर जरूर लिहावे.

मल्हारगंजचा_मधला
आमच्या घरात ही वाट एका रात्रीत संपली. अमेरिकेहून आलेल्या आत्याने आणलेल्या पीएसपीत आतल्या सॉफ्टवेअरची 1.50 आवृत्ती होती, आणि होमब्रूसाठी तीच हवी हे मी महिनाभर सगळ्यांना पढवले होते. ऑगस्ट 2005 मध्ये अमेरिकेत 2.0 आवृत्ती आली. तिच्यात इंटरनेट ब्राउझर होता, त्यामुळे थोरल्या भावाने मी झोपलो असताना मोठ्या प्रेमाने ती चढवून ठेवली. सकाळी पोह्यांची बशी पुढे करत त्याने मला ती आनंदाची बातमी दिली. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

सप्टेंबरमध्ये एका बिघडवलेल्या टिफ चित्राच्या साहाय्याने 2.0 वरून परत 1.50 वर येता येते, असा शोध लागला. ही बातमीसुद्धा प्रथम अफवा म्हणूनच आमच्याकडे आली, आणि त्यामुळे ती खरी असूनही आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. नंतर ठेवला, तो चुकीच्या वेळी. ऑक्टोबर 2005 मध्ये आवृत्ती उतरवण्याचे सोंग घेतलेली एक फाईल पसरली होती. ती यंत्राच्या आतल्या आवश्यक फाईली पुसून टाकत असे आणि मग ते यंत्र सुरूच होत नसे. ती फाईल आम्ही सायबर कॅफेतून सीडीवर घेऊन आलो होतो. त्या संध्याकाळी वीज गेली म्हणून ती चालवायची राहिली, आणि दुसऱ्या दिवशी एकाने सावध केले. वीज मंडळाचे आभार मानणारा इंदुरातला तेव्हाचा बहुधा मी एकटाच असेन.

सुदामानगरी
मधलेभाऊ, त्या भावाला अजून ऐकवता की नाही?

मल्हारगंजचा_मधला
प्रत्येक भाऊबीजेला बहिणीसमोर ऐकवतो, आणि तो प्रत्येक वेळी ‘ब्राउझर मात्र चांगला होता’ असेच म्हणतो.

वैदेही_टिळकनगर
कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत जेवढे लिहून होईल तेवढे लिहिते. तुम्ही सगळ्यांनी मुस्तफा आधी पार्लरमध्ये खेळून घेतला होता आणि तो पुन्हा हवा होता म्हणून वाट पाहत होता. मी तो खेळलेच नव्हते. आमच्या शिवणक्लासच्या वाटेवर ते पार्लर होते, दाराला मळकट निळा पडदा होता, आणि मुलींनी तिथे थांबायचे नाही हे कोणी न सांगता सगळ्यांना माहीत होते. पडद्याच्या खालून मुलांच्या चपला दिसत आणि आतून ठोसे मारल्याचे आवाज येत. त्या आवाजांवरून मी माझ्या मनाने एक खेळ तयार केला होता.

त्यामुळे धाकट्या भावाने ‘ताई, आता मुस्तफा हातात घेऊन खेळता येणार आहे’ असे सांगितले, तेव्हा त्याच्यापेक्षा मी जास्त आशेला लागले, आणि हे मी कोणाला बोलूनही दाखवले नाही. त्याआधी गेम बॉय ॲडव्हान्सवर मुस्तफाची कॅसेट निघाली आहे अशी हूल उठली होती. भावाच्या मित्राने तशी एक कॅसेट आणलीसुद्धा, पण आत भलताच कुठलासा उड्या मारणारा खेळ निघाला. आता विचार केला तर त्या यंत्राचा पडदा 240 गुणिले 160 ठिपक्यांचा आणि मुस्तफाचे मूळ चित्र 384 गुणिले 224 ठिपक्यांचे. म्हणजे चित्राला तिथे धड उभे राहायलाही जागा नव्हती.

पीएसपीवर तो शेवटी 2006 च्या हिवाळ्यात आमच्या घरी आला. रजईत, आवाज पूर्ण बंद करून, मी पहाटेपर्यंत खेळले. पीएसपीचा पडदा 480 गुणिले 272, त्यामुळे चित्र कुठेही न कापता बसले होते, चारी बाजूंना काळी किनार होती. मुस्तफा मात्र आजोळी महिनाभर राहून आल्यासारखा अंगाने भरलेला दिसत होता. भाऊ म्हणाला, पार्लरच्या टीव्हीवर तेच चित्र आडवे आवळून दाखवतात म्हणून तिथे तो सडपातळ दिसतो. माझ्यासाठी खरा मुस्तफा जाडाच आहे.

शिट्या झाल्या.

तारांगणे
रामबागकर, तुमचा मित्र खरा ठरला हे बरोबर, पण तो कसा खरा ठरला हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण त्या वेळच्या सगळ्या अफवांचे मूळ त्यातच आहे.

पहिल्या पीएसपीमध्ये चालवायची मेमरी, म्हणजे रॅम, 32 एमबी होती. त्यातली 8 यंत्रणा स्वतःसाठी ठेवत असे आणि प्रोग्रामच्या वाट्याला 24 येत. योगायोगाने काही पीएसपींच्या खोक्यात मिळणारे कार्डही 32 एमबीचेच होते, आणि दोन्ही आकडे सारखे असल्यामुळे निम्म्या इंदुराची गफलत झाली. मुस्तफा कॅपकॉमच्या जुन्या सीपीएस-1 जातीच्या बोर्डावरचा आणि आकाराने लहान, त्यामुळे तो 24 मध्ये सुखाने मावत असे. अडचण निओ-जिओची, म्हणजे किंग ऑफ फायटर्स ज्यावर चालत असे त्या एसएनके कंपनीच्या मशीनची, होती. मशीन सुरू करताना पडद्यावर ‘मॅक्स 330 मेगा’ असे झळकत असे, आणि आम्ही ते मेगाबाइट समजून हाय खात असू. ते मेगाबिट होते. आठाने भागले की साधारण 41 मेगाबाइट होतात. म्हणजे अशक्य वाटावे इतके नव्हे, पण 24 मध्ये मावणारेही नव्हे, आणि काही खेळ तर 330 च्याही पुढे गेलेले होते.

खऱ्या मशीनला ही अडचण नसते, कारण चिपमधले चित्र तिला हवे त्या क्षणी थेट वाचता येते. एम्युलेटरला, म्हणजे त्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला, ते सगळे आधी रॅममध्ये आणून ठेवावे लागते. म्हणून आधी जमले ते निओ-जिओ सीडीचे एम्युलेटर. 1994 चे ते मूळ यंत्रच सीडीवरून थोडे थोडे उचलून आपल्या छोट्या मेमरीत भरत असे, त्यामुळे त्याचे खेळ पीएसपीलाही झेपले. दोन लढतींमध्ये ताटकळावे लागे, पण ते मूळ यंत्रातही लागत असे. पुढे एनजे या नावाने लिहिणाऱ्या जपानी प्रोग्रामरने खरी युक्ती केली. खेळाची फाईल संगणकावर एकदा रूपांतरित करून तिची कॅश फाईल बनवायची, ती कार्डावर ठेवायची, आणि खेळ चालू असताना लागेल तेवढाच तुकडा कार्डावरून रॅममध्ये आणायचा. सीपीएस-2 या कॅपकॉमच्या पुढच्या बोर्डावरचे आणि निओ-जिओचे मोठे खेळ अशाच रीतीने पीएसपीवर आले. म्हणजे मोठे कार्ड खरोखरच लागत होते. तुमच्या मित्राचे निदान चुकले होते, औषध मात्र बरोबर निघाले.

जाता जाता एक गोष्ट नमूद करतो. एम्युलेटर लिहिणारे फक्त एम्युलेटर देत असत. खेळ कॅपकॉमच्या आणि एसएनकेच्या मालकीचे होते. आपण ते कुठून आणत होतो यावर या धाग्यात कोणी तोंड न उघडलेलेच बरे.

सुदामानगरी
मी तोंडाला कुलूप लावले आहे.

पार्लरवाल्यांचा_भाचा
तुम्ही सगळे ज्या बातमीची वाट पाहत होता, तिची माझ्या मामाला धास्ती होती. त्याचे पार्लर होते, मुस्तफा तिघांनी एकदम खेळायचे मशीन होते आणि निम्मी कमाई त्या एकट्यावर होती. खेळ हातात आल्यावर नाणे कोण टाकणार, असे लोक त्याला मुद्दाम येऊन विचारत. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत एक मुलगा पीएसपी घेऊन पार्लरमध्येच आला. मामाने ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, दोन मिनिटे खेळला आणि परत देत म्हणाला, ‘चांगले आहे, पण याला तिघे जण कुठून धरणार?’ मुलगा काही बोलला नाही, पण त्याने त्या दिवशीही मशीनवर नाणी टाकली. मामाचे पार्लर पुढे बंद पडले ते मोबाइलमुळे आणि दुकानाच्या भाड्यामुळे. पीएसपी त्या गल्लीत एकूण दोनच होते.

तारांगणे साहेबांनी सीपीएस-2 चा उल्लेख केला म्हणून सांगतो. मामाकडे त्या जातीचा एक बोर्ड होता, आणि एके दिवशी तो सुरू होईना. दुरुस्तीवाल्याने पावसाळ्याच्या ओलीवर खापर फोडले. पुष्कळ वर्षांनी मला कळले की त्या बोर्डात एक बॅटरी असते आणि खेळाचे कुलूप उघडण्याची किल्ली तिच्या जोरावर मेमरीत टिकून असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि धडधाकट बोर्ड मुका होतो. हे कुलूप काही हौशी मंडळींनी जानेवारी 2001 मध्ये प्रथम भेदले, आणि 2007 मध्ये ते मुळापासून उलगडले. मॅम या पार्लरमधल्या खेळांच्या एम्युलेटरची सुरुवात 1997 मध्ये करणारे निकोला साल्मोरिया त्या दुसऱ्या कामातही होते. कुलूप उघडले नसते तर हे खेळ पीएसपीवर तर सोडाच, संगणकावरही आले नसते. मामाला हे समजावून सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘म्हणजे ओलीचे तीनशे रुपये फुकट गेले.’

वैदेही_टिळकनगर
भाचेबुवा, तुमच्या मामांच्या पार्लरला निळा पडदा होता का?

पार्लरवाल्यांचा_भाचा
हिरवा होता, ताई. परंतु निळा असता तरी मी आज कबूल केले नसते.

पुण्यातला_इंदुरी
मी उशिरा जागा झालेला माणूस आहे. तुमचे पीएसपीचे दिवस संपत आले, तेव्हा मला जीपी2एक्सचा नाद लागला. हातात धरून खेळायचे कोरियन यंत्र, नोव्हेंबर 2005 चे, आत लिनक्स, आणि दोन साध्या पेन्सिल सेलवर चालणारे. होमब्रूला मुळातच परवानगी असल्यामुळे आवृत्ती चढवण्या-उतरवण्याचे नाटक नव्हते. मॅमसुद्धा त्यावर आले होते. सेल मात्र ते यंत्र असे खाई, की मी भिंतीवरच्या घड्याळातले सेलही काढले होते आणि त्यावरून घरी बोलणी खाल्ली होती.

त्याच मंडळींमधून पुढे पँडोरा नावाच्या यंत्राची चर्चा निघाली. आगाऊ नोंदणी 2008 मध्ये झाली, पहिली यंत्रे लोकांच्या हाती 2010 मध्ये पडू लागली, आणि मधल्या काळात ‘आणखी दोन महिने’ हा त्या लोकांमधला कायमचा विनोद झाला. मी नोंदणी केली नव्हती, तरी दोन वर्षे रोज बातमी वाचत होतो. ज्या गोष्टीचे पैसे भरलेले नाहीत तिचीसुद्धा माणूस इतकी वाट का पाहतो, असे बायकोने तेव्हा विचारले होते. आमच्या घरात घड्याळाला अजूनही ‘पँडोरा’ म्हणतात, कारण ते नेहमी मागे असते.

मल्हारगंजचा_मधला
रामबागकर, त्या मित्राची माफी मागितलीत की नाही? तारांगणे साहेबांनी आता तुमची कोंडी केली आहे.

रामबागकर
काल रात्री फोन केला. अठरा वर्षांपूर्वीचा वाद मी सविस्तर सांगितला, कॅश फाईल समजावली, 24 एमबीही समजावले, आणि तू खरा होतास असे स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याला त्यातले काहीच आठवत नव्हते; कार्डशास्त्री हे नावसुद्धा नाही. मग मी सहज सांगितले की शिवणाच्या डब्यात 1 जीबीची मेमरी स्टिक सापडली आहे.

ती मात्र त्याला लगेच आठवली. तिच्यासाठी त्याने दुकानातल्या गल्ल्यातून वडिलांना न सांगता पैसे घेतले होते, आणि ‘दोन दिवसांत आणून देतो’ असे म्हणून मी ती नेली होती. रविवारी सकाळी तो ती घ्यायला येतो आहे, आणि आईने त्याला पोह्यांना थांबायला सांगितले आहे.